जावईबापूंचे अनारसे

संगमनेरात आता जेवल्यावर कुणी बसत नाही. बसावंसं वाटलं तरी बसता येत नाही. मागे एका लग्नात नवरदेव तिसऱ्याच जिलबीला ताटावरून उठला आणि अकोल्याच्या रस्त्याला लागला. वरात त्याच्यामागून धावली, असं सांगतात. पाहणारे अजून हयात आहेत.

ही करणी चालकणाची. चालकण म्हणजे चालवणारा कण. तांदळाच्या कणीएवढा, कमरेत मणक्याजवळ बसवलेला. रक्तातली साखर आणि चरबी बघून तो ताडतो की माणसानं खाल्लं किती आणि खर्चलं किती. खाल्लेलं वरचढ झालं की पायांच्या नसांना परस्पर हुकूम सोडतो: चला. तोल जुळला की थांबवतो. माणसाला हा तोल स्वतःहून कधी जमला नाही, कारण खायचं असतं आत्ता आणि चालायचं असतं उद्यापासून. चालकणात उद्या नव्हता. गावातली पोटं वर्षात सपाट झाली.

हा कण शोधला डॉक्टर निवृत्ती घुले यांनी, म्हणजे भामाबाई कडलगांच्या जावयानं. आणि भामाबाईंचं भांडण त्याच्याशीच होतं. त्यांच्या नवऱ्याचे, रंगनाथरावांचे, दोन्ही गुडघे झिजलेले. म्हातारपणी शरीराची भट्टी मंदावते, त्यामुळे अर्धी भाकरीसुद्धा जास्तीची ठरायची. म्हातारा कण्हत अंगणाला फेऱ्या मारायचा.

"मामी, चालकणाला दुखणं कळत नाही, फक्त तोल कळतो," डॉक्टर म्हणायचे.

"कळत नाही तर काढून टाका."

"तसं काढता येत नाही."

"तुम्हाला बसवलाय का तो?"

"सगळ्यांत आधी मलाच बसवला."

भामाबाई अनारशांचे तांदूळ भिजत घालायला उठल्या. धोंड्याचा महिना तोंडावर आला होता.

अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण देतात. द्यायचं असतं, सगळं खाऊ घालायचं नसतं. पण सासूनं वाढलेलं जावयानं नाकारायचं नसतं, हेही तितकंच खरं. डॉक्टर नेहमीसारखे आपल्या चाकांच्या खुर्चीतून तरंगल्यासारखे आले. लोक त्या खुर्चीला शास्त्रज्ञाची ऐट म्हणत.

"घ्या की, जावईबापू. एवढ्याशानं काय होतंय?" भामाबाई तूप सोडत राहिल्या. स्वतः अजून जेवल्या नव्हत्या.

आधी लेक उठली. मग व्याही उठले. मग रंगनाथराव. सगळी पंगत अंगणात गोल फिरू लागली. अर्धं ताट अनारसे पोटात गेलेले डॉक्टर मात्र खुर्चीत बसून होते.

"तुमचे पाय कसे गप्प?" भामाबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली.

डॉक्टरांनी ताटाकडे बघितलं. "काढला मी तो. गेल्या वर्षीच."

"मग काढता येतो म्हणा."

"मामी, ही खुर्ची ऐट नाही." त्यांचा आवाज उतरला. "कण हुकूम देतो, तेव्हा मेंदूला द्यावा लागत नाही. रोज कुणी चाललं नाही की पाऊलवाट बुजते ना, तशी मेंदूपासून पायापर्यंतची वाट बुजते. कण आत असतो तोवर आपलं म्हणणंही तोच पायांना पोचवतो, म्हणून कळत नाही. कण काढला तेव्हा मी पायांना उठा म्हणालो. त्यांना माझी भाषाच कळेना. म्हणून कुणाचा काढत नाही. सगळं गाव बसेल."

रंगनाथराव फेरी मारून दाराशी आले. "काय म्हणतोय?"

भामाबाईंनी सांगितलं, पण म्हातारा तोवर पुढे गेला होता. उत्तर पुढच्या फेरीला आलं. "काढ म्हणावं."

"मामा, पाय कायमचे जातील," डॉक्टर ओरडून म्हणाले.

आणखी एक फेरी झाली. रंगनाथराव दारासमोरून जाता जाता म्हणाले, "आत्ता तरी माझे कुठं आहेत?"

दुसऱ्या दिवशी कण निघाला. भामाबाईंनी म्हाताऱ्याला ओट्यावर टेकवून बसवलं आणि उरलेले अनारसे पुढ्यात ठेवले. त्यानं निवांत खाल्ले. पाय हलले नाहीत. बोटांवरची साखर पुसून त्यानं गुडघ्यावर थाप मारली. "बसा. आता इथं कुणाचा हुकूम नाही."

"तुमचापण नाही," भामाबाई म्हणाल्या.

"माझापण नाही. चालेल."

संध्याकाळी डॉक्टरांच्या दारात रांग लागली. स्थिर उभं राहता यावं म्हणून सगळे उपाशीपोटी आले होते, आणि येताना प्रत्येकानं आपापली खुर्ची आणली होती.