अधिक काही सांगायचे असल्यास

दाराची मूठ गोल होती, पितळी, आणि पावसाने निसरडी झालेली. लेसी कॉडिल पाच मिनिटं तिच्याशी झटत होती. दोन्ही तळव्यांत धरून पाहिली, मग कोटाची बाही गुंडाळून... पण बोटं आज मिटतच नव्हती. काचेवर सोनेरी अक्षरं होती: ‘ओपल रॅटलिफ, वकील. अपंगत्व भत्त्याचे दावे.’ अशा वकिलाच्या दाराला अशी मूठ... तिला हसूही आलं आणि रडूही.

"ढकलायचं की ओढायचं, यावर इथं पैज लागलीय," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. रस्त्याच्या कडेला जिल्ह्याची पांढरी व्हॅन उभी होती, आजारी माणसांना दवाखान्यात नेणारी-आणणारी. तिला टेकून ड्रायव्हर उभा होता. उंच, जरा पोक काढलेला, टोपीवरून पाणी ठिबकतंय.

"कुणाकुणात लागलीय?"

"माझी माझ्याशीच. दोन्हीकडून मीच हरतोय."

"गंमत बघत उभं राहायचा पगार मिळतो वाटतं तुम्हाला."

"ताशी मिळतो." तो जवळ आला, पण मुठीला त्याने हात लावला नाही. लेसीला पुढे कितीतरी दिवस तेवढंच आठवत राहिलं. "मी उघडलं तर शिव्या खाईन का?"

"खाल."

"मग तुम्हीच उघडा." त्याने खिशातून रबराचा एक चौकोनी तुकडा काढला, बरणीचं झाकण फिरवायला वापरतात तसला. "बाबांच्या औषधाच्या बाटल्यांसाठी ठेवतो. आज तुम्हाला उसना."

रबर मुठीवर ठेवून तिने तळवा दाबला. दार उघडलं.

"वेंडल स्टिडम," तो म्हणाला. "मंगळवार, गुरुवार, शुक्रवार."

"एवढं लांब आडनाव?"

तो हसला, आणि हसताना त्याचे कान लाल झाले.

रॅटलिफबाई सत्तरीच्या होत्या. गळ्यात साखळीला चष्मा, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी. बरणीला झाकण नव्हतं, हे लेसीने लगेच टिपलं.

"वय एकतीस. काम?"

"वृद्धाश्रमात, अकरा वर्षं. म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. मग एकदा एका आजींना उचलताना हात सुटले... माझेच हात, पण ऐकेनात. डॉक्टर आमवात म्हणाले."

"आजींना लागलं?"

"नाही. पलंगावरच पडल्या. पण दुसऱ्या दिवशी मी काम सोडलं."

बाईंनी लिहून घेतलं. "सरकारने दोनदा नाही म्हटलंय. बहुतेकांना म्हणतं. आता न्यायाधीशांसमोर सुनावणी होईल. हरलो तर मला एक छदाम द्यायचा नाहीस. बरं, मला सांग पोरी, कशी आहेस तू?"

"ठीक आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "झालं. हरलो आपण."

लेसी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"या डोंगरातला माणूस खाणीत कमरेपर्यंत गाडला गेला ना, तरी विचारलं की ठीक आहे म्हणेल. तिथं असं म्हणायचं नाही. अंघोळीला किती वेळ लागतो, केस कोण विंचरतं, बटण कोण लावतं... लाज बाजूला ठेवून सगळं सांगायचं. जमेल?"

"जमवावं लागेल," लेसी म्हणाली. भत्ता मिळाला तर ती या खोऱ्यातच, आईच्या मागे राहिलेल्या ट्रेलरमध्ये, त्या चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, राहू शकणार होती. नाही मिळाला तर ओहायोला, डेटनमध्ये, बहिणीच्या घराच्या तळघरात. बहिणीने खाट टाकूनही ठेवली होती.

त्या आठवड्यापासून मंगळवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी वेंडल तिला दवाखान्यात नेऊ लागला. मंगळवारी तपासणी, उरलेले दोन दिवस कोमट पाण्यात हातांचे व्यायाम. जाऊन-येऊन दोन तास. मागे म्हातारी माणसं डुलक्या घेत असायची आणि पुढच्या बाकावर ही दोघं. पहिल्या महिन्यातच ‘तुम्ही’ कुठेतरी वळणावर गळून पडलं.

"मला एक वचन दे," एकदा ती म्हणाली.

"अंगठी आणायची का?"

"गप रे. तू आरशातून मागच्यांकडे बघतोस ना... पडतील की काय, असं. तसं माझ्याकडे बघायचं नाही. अकरा वर्षं मी तशीच बघायचे लोकांकडे. ती नजर मला लगेच कळते."

त्याने दोन वळणं घेतली. मग म्हणाला, "दिलं. तुझ्याकडे आजारी म्हणून मी कधी बघणार नाही. तसंही मी बघतो तेव्हा वेगळंच बघत असतो."

"काय बघतोस?"

"रस्ता."

आणि पुन्हा त्याचे कान लाल.

डिसेंबरात अग्निशामक केंद्रात गावजेवण होतं. लेसीची आई असताना तिचा सात थरांचा सफरचंदाचा केक तिथे ठरलेला असायचा. वेंडलला हे कळलं, आणि आदल्या दिवशी तो पिठाची पिशवी घेऊन ट्रेलरच्या दारात हजर. लेसी कोमट पाण्यात हात बुडवून खुर्चीत बसली आणि हुकूम सोडत राहिली. "अजून पातळ लाट... अरे, तो केक आहे, खाणीचं छप्पर नव्हे." तो पीठ माखलेल्या हातांनी थर लाटत होता, भाजत होता, एकावर एक रचत होता. सातवा थर जरा कलला.

"कुणी केला म्हणून विचारलं तर?" ती म्हणाली.

"तू केलास. मी पीठ आणलं."

जेवणानंतर वाद्यं वाजू लागली तेव्हा त्याने नुसता हात पुढे केला. दोन गाणी... तिचं सगळं वजन त्याच्या खांद्यावर होतं आणि बघणाऱ्यांना वाटलं, किती सुंदर नाचतेय ही. त्यानंतरचे चार दिवस ती अंथरुणातच होती. रोज दारावर तीन टकटक व्हायच्या. पायरीवर आमटीचा डबा आणि मक्याचा पाव. दारापर्यंत ती कशीबशी पोहोचायची तोवर व्हॅन निघून गेलेली असायची. तो थांबून बघायचा नाही. वचन होतं ना.

जानेवारीत एकदा इंजिन बंद करून तो म्हणाला, "आमच्या घरात एक खोली रिकामी आहे... म्हणजे, तसं काही नाही, पण आहे."

लेसीला त्याचं घर माहीत होतं. पुढच्या खोलीत त्याचे बाबा, छातीत कोळशाची धूळ घेऊन सहा वर्षं पडून, नाकात ऑक्सिजनची नळी.

"तुझ्या घरात एक खाट आधीच आहे, वेंडल. दुसरी नको."

"तू खाटेवर कशाला..."

"भत्ता मिळू दे. मग माझ्या पायांनी येईन आणि माझा वाटा घेऊन येईन. तोवर विचारू नकोस."

त्याने विचारलं नाही.

फेब्रुवारीत रॅटलिफबाईंनी सांगितलं, तुला आठवड्यातून दोन-तीनदा बघणारं, नात्यात नसलेलं कुणीतरी हवं. सरकारी फॉर्म भरायचा: ही बाई दिवसभर काय करते, स्वयंपाक जमतो का, कुठे जाते-येते. वेंडलने फॉर्म घेतला. बाईंनी बजावलं होतं, आधी मला दाखव. पण सोबतच्या पाकिटावर पत्ता छापलेला होता, आणि त्याने परस्पर टपालात टाकून दिला.

"काय लिहिलंस?" लेसीने विचारलं.

"खरं तेच."

"दाखवायचास की."

"तुला नव्हता दाखवायचा," तो म्हणाला, आणि गाडी उगाचच हळू चालवत राहिला.

सुनावणी मार्चच्या शेवटी होती. डोंगरावर रेडबडची झाडं गुलाबी फुलली होती. रॅटलिफबाई बाहेरच्या बाकावर तिची वाट बघत होत्या.

"वेंडलचा फॉर्म फाइलमध्ये लागलाय. मी कालच वाचला. आत गेलेला कागद बाहेर काढता येत नाही. डॉक्टरांचं पत्र मी वर जोडलंय, पण न्यायाधीश विचारणार. तू फक्त खरं सांग."

"काय लिहिलंय त्याने?"

बाईंनी चष्मा काढला आणि उगाच पुसला. "चाळीस वर्षं मी हे फॉर्म वाचतेय, पोरी. असा एकही नाही वाचला."

आत एक लांब टेबल होतं. न्यायाधीश पन्नाशीचे, सर्दीने बेजार. आवाजात वाईटपणा मुळीच नव्हता.

"कशा आहात आपण?"

"ठीक नाही," लेसी म्हणाली. तिने सगळं सांगितलं: केस, बटणं, अंघोळ, सुटलेली आजी. लाज वाटली, पण सांगितलं. रॅटलिफबाईंनी टेबलाखाली तिचं मनगट हलकेच दाबलं.

मग न्यायाधीशांनी एक कागद उचलला.

"हे श्रीयुत स्टिडम. आठवड्यातून तीन दिवस आपल्याला बघतात. त्यांनी लिहिलंय..." त्यांनी नाक पुसलं आणि वाचू लागले. "‘स्वयंपाक येतो का? लेसीने सात थरांचा केक केला. गावात कुणाला येत नाही असा.’ खरं आहे?"

"थर त्याने लाटले, सर. भाजलेही त्यानेच. मी खुर्चीत बसून सांगत होते."

"‘सामाजिक कार्यक्रमांत भाग घेते का? अग्निशामक केंद्रात ती माझ्याबरोबर नाचली. तिच्यासारखं कुणी नाचत नव्हतं.’"

"त्याने मला धरलं होतं. पुढचे चार दिवस मी अंथरुणात होते."

"ते इथं नाही."

"त्याला ते माहीत... माहीत होतं, सर. पण तो तसं बघत नाही."

"‘इतरांशी जमतं का? तिच्यामुळे मागच्या बाकावरचे म्हातारेसुद्धा जागे राहतात. काय करू शकत नाही, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तिला येत नाही असं मी काही पाहिलेलं नाही.’" न्यायाधीशांनी पान उलटलं. शेवटचा रकाना. अधिक काही सांगायचे असल्यास लिहा. त्यांची नजर त्या ओळींवरून गेली... आणि त्यांनी तोंड मिटलं. कागद त्यांनी रॅटलिफबाईंकडे सरकवला आणि बाईंनी तो लेसीसमोर.

वेंडलचं अक्षर शाळकरी मुलासारखं होतं, गोल गोल, जपून काढलेलं.

‘माझं तिच्यावर प्रेम आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. कृपा करून तुम्हीही सांगू नका.’

अर्जदाराला कुठली कामं जमतील ते सांगायला नोकऱ्यांचे जाणकार म्हणून फोनवर घेतलेल्या गृहस्थांना यातलं काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे ते ठरल्याप्रमाणे बोलू लागले. हातांना ताण पडणार नाही अशी कामं देशात आहेत. उदाहरणार्थ, सिनेमागृहाच्या दारात तिकिटं फाडणे.

"आमचं सिनेमागृह बंद होऊन अकरा वर्षं झाली," लेसी म्हणाली.

"देशात म्हणालो मी," फोनवरचा आवाज म्हणाला.

निकालाचं पाकीट मे महिन्यात आलं. नऊ पानं. सातव्या पानावर होतं: अर्जदार आपला त्रास वाढवून सांगत असल्याचे दिसते. तिला आठवड्यातून तीन दिवस पाहणाऱ्या, तिचे हितच चिंतणाऱ्या व्यक्तीचे निवेदन आम्ही विश्वासार्ह मानतो. अर्ज नामंजूर.

"वर अपील करता येईल," रॅटलिफबाई म्हणाल्या. "वर्ष जाईल. कदाचित दोन. मी लढेन, पण तोवर तू..."

"तोवर मी डेटनला." लेसीने पानं घडी केली. "बाई, एक विनंती आहे. हे कशामुळे झालं, ते त्याला कधी कळू देऊ नका."

बाईंनी बरणी तिच्यापुढे सरकवली. तिने एक गोळी उचलली. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा हाती आली.

बसच्या थांब्यापर्यंत वेंडलनेच नेलं, शुक्रवारी, मागचे सगळे बाक रिकामे असताना. पिशव्या त्याने उतरवल्या. पाऊस नव्हता, काहीच नव्हतं. नुसतं ऊन.

"कारण काय दिलं त्यांनी?" त्याने विचारलं.

"हातांचे एक्स-रे जुने होते म्हणे."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि माझा फॉर्म? त्याचा काही उपयोग झाला का? मी दोन रात्री बसलो होतो त्यावर... बाबा म्हणत होते, वहीत आधी कच्चं लिही."

लेसीने त्याच्याकडे पाहिलं. उंच, पोक काढलेला, टोपी हातात. त्या सगळ्या फाइलमध्ये तिला चांगलं म्हणणारा एकटाच माणूस.

"झाला," ती म्हणाली. "न्यायाधीशांनी मोठ्याने वाचला. त्यांना पटला म्हणाले."

त्याचा चेहरा उजळला. कान लाल झाले. "सगळा वाचला?"

"शेवटचा रकाना सोडून."

त्याने सुटकेचा श्वास टाकला. त्या श्वासाने तिच्या आत काहीतरी हळूच मोडलं. मला माहीत आहे, एवढंच म्हणायचं होतं तिला. पण कुठून कळलं, तेही मग सांगावं लागलं असतं.

बस वळणावर दिसली.

"लेसी, तुला एक सांगायचं होतं मला..."

ती थांबली. बस येऊन उभी राहिली, दार फुसकन उघडलं. आत तिच्यासारख्याच पिशव्या घेतलेली माणसं बसली होती.

"राहू दे," तो म्हणाला. "तू परत आलीस की सांगेन. बाबा असे... मला कुठे जाता येतंय."

"माहीत आहे," ती म्हणाली. तेवढं म्हणता आलं.

त्याने खिशातून रबराचा चौकोन काढून तिच्या तळव्यावर ठेवला. बोटं मिटवून दिली नाहीत. ती तिने स्वतःच मिटवली, एकेक करून, आणि तोवर बसचा ड्रायव्हर थांबला.

खिडकीशी बसल्यावर तिने कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला. तिथे वेंडलच्या फॉर्मचं ते शेवटचं पान होतं. रॅटलिफबाईंनी त्याची नक्कल काढून दिली होती, काही न बोलता. खाली वेंडल हात हलवत होता. तिने हात वर केला आणि हसली, अगदी तो बघायचा तशी... जिला काही येत नाही असं त्याने कधी पाहिलंच नव्हतं, तशी.