उजवा गुडघा

चंद्रकंप-नोंदणी ठाण्यावर हेरंब उकिडवेचा दिवस बायकोच्या गुडघ्यावर हातोडी मारून सुरू होई. हातोडी रबरी आणि चिमुकली होती. मृणालचा उजवा पाय मांडीपासून खाली त्यानेच घडवला होता. त्याला तो ‘संवेदपाद’ म्हणे. खऱ्या गुडघ्यावर टिचकी बसली की पाय जसा उडतो तसाच हाही उडावा, म्हणून त्याने दोन वर्षं घातली होती. याचा उपयोग काय, असं मृणालने एकदा विचारलं. हेरंब तीन दिवस तिच्याशी बोलला नाही.

गेली सात वर्षं रोज सकाळी टक्, पाय उडाला, की मग चहा.

त्या सकाळी चहा राहिला. आठवा महिना लागलेल्या मृणालचा रक्तदाब एकाएकी चढला, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तिला झटका आला. तिला न्यायला निघालेलं यान अजून वीस तास लांब होतं आणि ठाण्यावर या दोघांखेरीज कुणी नव्हतं.

दूरसंवादावर नागपूरहून डॉ. इंदुमती भोंगळे आल्या. शब्द जायला-यायला अडीच सेकंद लागत, त्यामुळे बाई प्रत्येक उत्तर विचार करून देतात असं वाटे. त्यांनी सलाईनमधून मॅग्नेशियम सुरू करायला लावलं. दाब चढलाय तर धातू कशाला, हे हेरंबला कळेना.

“रक्तवाहिनीच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू असतात,” बाई म्हणाल्या. “ते आपलं ऐकत नाहीत.”

“आमच्या घरात सगळेच तसे.”

“पेशीत कॅल्शियम शिरलं की ते आवळतात. मॅग्नेशियम त्याच्या वाटेत ठाण मांडून बसतं. कॅल्शियम अडलं की स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते. मेंदूही निवतो, झटके थांबतात. पण ते अंगात साठलं, तर हातापायांचे स्नायूही ढिले पडतात आणि शेवटी श्वासाचे. बरं इतकंच, की गुडघा आधी थंडावतो. दर तासाला हातोडी मारा. पाय उडेनासा झाला, की थेंब बंद आणि पेटीतली कॅल्शियमची सुई हळूहळू द्यायची.”

हातोडी म्हटल्यावर हेरंबला धीर आला. या कामात त्याचा हात बसलेला होता.

झटका पुन्हा आला नाही. दर तासाला टक् होई, पाय उडे आणि हेरंबला गहिवरून येई. त्याने मनोमन बाईंचे आभार मानले, मॅग्नेशियमचे मानले, एकदा तर सलाईनच्या बाटलीलाही हात जोडले. मृणाल आधी अडखळत बोलत होती, मग बोलेनाशी झाली. दमली असेल, निजू दे, असं तो पांघरूण सारखं करत म्हणाला.

नवव्या तासाला बाईंनी तिचे श्वास मोजायला सांगितले.

“मिनिटाला आठ,” हेरंब म्हणाला.

“आणि गुडघा?”

“उत्तम. अगदी नव्यासारखा.”

अडीच सेकंद गेले.

“हेरंबराव, असं होऊच शकत नाही. गुडघा आधी जातो, श्वास नंतर. कोणता गुडघा?”

या वेळी उशीर हेरंबकडून झाला. हातातल्या हातोडीकडे तो बघत राहिला. तो गुडघा कपाटात ठेवला असता तरी तसाच उडाला असता. दोन वर्षं घालून त्याने तेच तर साधलं होतं.

त्याने पलंगाला वळसा घालून डाव्या गुडघ्यावर टक् केलं. पाय हलला नाही.

थेंब बंद झाले. तो सुई टोचत असताना बाई शांतपणे “सावकाश, सावकाश” म्हणत होत्या. मग दोघं मिळून श्वास मोजत बसले, एक चंद्रावर, एक नागपुरात. नऊ. अकरा. चौदा. सोळा झाले तेव्हा बाईंनी पुन्हा हातोडी उचलायला सांगितली.

हेरंबने डावा गुडघा हातावर अलगद उचलून घेतला, खात्री करायला तोंड अगदी जवळ नेलं आणि टक् केलं. पाय सणसणीत उडाला आणि त्याच्या हनुवटीवर बसला.

मृणालने डोळे किलकिले केले.

“चहा झाला?”

हनुवटी चोळत हेरंबने त्या डाव्या पायाचे आभार मानले, बाईंच्या, मॅग्नेशियमच्या आणि बाटलीच्या वाट्याला आले त्याहून कितीतरी जास्त. तो पाय त्याने घडवलेला नव्हता.