खोट्या लेबलाची तबकडी

पावसाची भुरभुर सुरू झाली म्हणून मी टेबलावर प्लास्टिक ओढायला लागले, तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी ते धरूनच ठेवलेलं.

"सोडा की," मी म्हटलं.

"एक मिनिट..."

त्याचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. एका हाताने प्लास्टिक छत्रीसारखं वर धरून दुसऱ्या हाताने त्याने क्रेटमधून एक तबकडी अर्धवट वर काढली होती. पाऊस त्याच्या मानेवरून सरळ शर्टात चालला होता. तबकडीवर मात्र तो एक थेंब पडू देत नव्हता. उंचापुरा, कुरळ्या केसांचा, आणि पापण्या अशा की मला उगाचच राग आला. पुरुषांना काय करायच्यात एवढ्या लांब पापण्या?

शनिवारी ब्राँक्समधल्या आमच्या इमारतीखाली, लाँड्रीच्या दाराशी, मी डॅडींच्या रेकॉर्ड विकायला बसते. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि शनिवारी हे. डॅडी तरुणपणी डीजे होते. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज ओढून पार्कात टर्नटेबल लावणाऱ्या मंडळींपैकी. हिप हॉपचे जुने सिंगल्स, म्हणजे एकेका गाण्याच्या तबकड्या, त्यांनी वर खोलीत जिवापाड जपलेत, त्यांना हात लावायची कुणाची टाप नाही. खाली विकायला येतो तो कचरा. अकॉर्डियनचे नाच, पाद्र्यांचे उपदेश, नाताळची गाणी, लष्करी बँड.

त्या कचऱ्यातून त्याने ती काढली होती. फिकट जांभळं लेबल, त्यावर चाकांच्या बुटाचं चित्र, आणि नाव, 'टिफनी स्ट्रीटच्या पोरी'.

"ही... ही विकायची आहे?"

"नाही, हवा खायला आणून ठेवलीय."

तो हसलाही नाही. तबकडी छातीशी धरून उभा राहिला, आणि मग पावसात भिजत त्याने सगळं सांगून टाकलं, परक्या बाईला सांगू नये एवढं. त्याचं नाव एफ्राइन. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. हे सिंगल त्याच्या आईने, नेरेइडाने, शाळेत असताना तीन मैत्रिणींबरोबर केलं होतं. कंपनी लगेच बुडाली, घरी एकही प्रत राहिली नाही. पुढे एफ्राइन पाळण्यात असताना आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून ती फक्त कुजबुजते. अंगाईही त्याने कुजबुजीतच ऐकली. आईचा आवाज त्याने जन्मात ऐकलेला नाही. म्हणून विशीपासून तो दर सुट्टीच्या दिवशी दुकानं, बाजार, लोकांची तळघरं धुंडाळतोय.

मी किंमत सांगितली. त्याने नोट ठेवली, सुटे घेतलेच नाहीत, आणि तबकडी शर्टाच्या आत घालून पळत सुटला. मी प्लास्टिक ओढायचं विसरून गेले. लष्करी बँड पार भिजला.

पुढच्या शनिवारी तो परत आला. मी सकाळीच केस नीट बसवले होते, ते कुणासाठी हे विचारू नका. पण स्वारीचा चेहरा पडलेला.

"तुम्ही ही ऐकली होती?" त्याने तबकडी टेबलावर ठेवली.

"नाही. का?"

"अकॉर्डियन आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे अकॉर्डियन. दोन्ही बाजूंनी. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

त्याने घरी सगळ्यांना बोलावलं होतं. मावशा, बहिणी, शेजारपाजार. मोठ्या पातेल्यात तूरभात शिजवलेला, आईला चांगल्या खुर्चीत बसवलेलं. आनंदाच्या भरात आधी वाजवून बघायचंही त्याला सुचलं नाही. सुई टेकली आणि लग्नातला नाच वाजायला लागला. सगळे पोट धरून हसले, आईसुद्धा हसली, तिच्या त्या बिनआवाजी हसण्याने डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

"भांडी आधीच घासून झाली होती," तो म्हणाला.

मी टेबल तिथेच टाकलं, त्याचा हात धरला आणि त्याला वर डॅडींच्या पुढे नेऊन उभं केलं. डॅडींनी लेबल बघितलं, अंगठ्याने त्याची कड चाचपली, आणि असे हसायला लागले की मला वाटलं आता दातांची कवळी पडणार.

मग उलगडा झाला. त्या काळी दुसरे डीजे पार्टीत तुमच्या खांद्यावरून डोकावायचे, कुठली तबकडी आहे ते बघून दुसऱ्या दिवशी तीच विकत आणायचे. म्हणून शहाणी माणसं लेबलं बाथटबमध्ये भिजवून काढून टाकायची. डॅडी जास्त शहाणे. ते लेबलांची अदलाबदल करायचे. चांगल्या तबकडीवर भिकार लेबल, भिकार तबकडीवर चांगलं. चोराने अकॉर्डियन विकत आणावं आणि भर पार्टीत तोंडावर आपटावं. लेबलाच्या कडेला कोरलेले नंबरही त्यांनी खिळ्याने खरवडून ठेवले होते, खऱ्याचे आणि खोट्याचेही.

"मग खरी कुठे आहे?" एफ्राइनने विचारलं.

डॅडींचं हसू हळूहळू ओसरलं. त्या पोरी त्यांना आठवत होत्या. ती तबकडी लावली की पार्कातली लहान मुलंसुद्धा झोक्यावरून उतरून यायची, हेही आठवत होतं. तिच्यावर कुठलं लेबल चिकटवलं, ते मात्र काही केल्या आठवेना.

"दुसऱ्यांपासून लपवायची होती रे," ते म्हणाले. "माझ्यापासूनच लपून बसेल असं वाटलं नव्हतं."

तर असे आमचे रविवार सुरू झाले. डॅडींची पलंगाखालची, कपाटावरची, न्हाणीघराच्या दाराआडची सगळी खोकी काढायची आणि प्रत्येक कंटाळवाणी तबकडी लावून बघायची. मी खरं सांगते, माणसाच्या प्रेमात पडायला इतकं वाईट संगीत आजवर कुणी ऐकलं नसेल. घंटांचं नाताळ. शिट्टीवर वाजवलेलं नाताळ. एक गृहस्थ पक्ष्यांचे आवाज काढत होते, दोन्ही बाजूंनी. एफ्राइन प्रत्येक तबकडी बाहीने पुसायचा, सुईवर हळूच फुंकर मारायचा, आणि सुई टेकली की त्याचा श्वास थांबायचा. दर वेळी. ते मला बघवायचं नाही. मग अकॉर्डियन सुरू झालं की तो खांदे उडवून माझ्याकडे बघायचा, आणि मी मुद्दाम टाळ्या वाजवायचे.

"तुला आवडायला लागलंय हे," एकदा तो म्हणाला.

"मला? तुझा पाय हलतोय बघ."

"सवय लागली. लिफ्टमध्ये पण हेच गुणगुणतो. परवा एक म्हातारी घाबरून जिन्याने गेली."

मग त्याने उठून हात पुढे केला, आणि आम्ही दोघं त्या अरुंद खोलीत, खोक्यांना पाय लागू न देता, तो लग्नातला नाच नाचलो. खिडकीबाहेर रस्त्यावरून बर्फाच्या गोळेवाल्याची घंटा जात होती. त्याच्या शर्टाला इंजिनच्या तेलाचा आणि साबणाचा वास होता. डॅडी दारात आले, आमच्याकडे बघितलं, आणि हळूच दार लोटून घेतलं. ते दार लोटणं माझ्या गालांना चांगलंच जाणवलं.

एका रविवारी तो लवकर आला आणि सगळ्यांनी नाद सोडलेली आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून बसला. डॅडी गुडघ्यांमुळे कित्येक महिन्यांत खाली उतरले नव्हते. त्या दिवशी ते लाँड्रीसमोर खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करत बसले. मी त्यांना खिडकीतून बघत होते, आणि एफ्राइन मला बघत होता. मला कळत होतं. मी वळले नाही.

पण बोललं कुणीच नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघायचे, तो माझ्या. आणि खोकी संपत चालली होती. माझी तर फारच विचित्र अवस्था. प्रत्येक तबकडीच्या वेळी वाटायचं, देवा, सापडू दे याच्या आईचा आवाज. आणि लगेच वाटायचं... सापडला की याचं आमच्याकडे काय काम?

शेवटच्या खोक्यातली शेवटची तबकडी लष्करी बँडची निघाली. ती दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकली आम्ही. सुई उचलायला कुणी उठलं नाही, नुसती खरखर चालू राहिली. एफ्राइन म्हणाला, ठीक आहे. इतकं वाईट 'ठीक आहे' मी कधी ऐकलं नव्हतं. त्याने बाही खाली केली, बटण लावलं.

"डॅडी," मी हाक मारली, "कुणाला कधीच चोरावंसं वाटणार नाही असं लेबल कुठलं?"

डॅडी छताकडे बघायला लागले. "पाद्रीबुवाचं," ते म्हणाले, आणि लगेच त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला.

उपदेशांचा अख्खा गठ्ठा मी वसंतात विकला होता, आमच्याच चर्चमधल्या सिस्टर अर्नेस्टीनला. इतके रविवार घर उपसलं आणि माझ्या डोक्यात आलं नाही. मी हे एफ्राइनला सांगितलं तेव्हा तो चिडेल असं वाटलं. त्याने नुसता माझा कोट काढून माझ्यापुढे धरला.

सिस्टर अर्नेस्टीनने साखळी न काढता दार उघडलं आणि आमची हकिगत फटीतून ऐकून घेतली. बाई ऐंशीच्या पुढच्या, घरातसुद्धा डोक्यावर टोपी.

"त्यातला एक उपदेश जरा उड्या मारतो खरा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, नव्या पद्धतीचा असेल."

"तुम्ही... टाकून तर नाही दिलात?" एफ्राइनचा आवाज चिरकला.

"टाकायला काय झालं? घर झाडताना तोच लावते मी."

ती तबकडी परत देणं बाईंना सोपं नव्हतं, पण त्यांनी दिली. अट एकच. ज्या मुलीचा आवाज आहे तिने एकदा त्यांच्याकडे जेवायला यायचं. एफ्राइनने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला तेव्हा त्यांनी साखळी काढली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

या वेळी त्याने घरी कुणालाच बोलावलं नाही. आधी वाजवूनही बघितलं नाही. म्हणाला, पहिल्यांदा ऐकेन ते तिच्यासोबत. नेरेइडा, मी, तो आणि डॅडी, एवढेच. डॅडी टाय लावून आले होते. नेरेइडा लहानखुरी, केस रंगवलेले, डोळे अगदी मुलासारखे. माझे गाल धरून ती काहीतरी कुजबुजली. मला नीट कळलं नाही, तरी मी मान हलवली.

डॅडींनी स्वतः सुई टेकवली. ढोल सुरू झाला आणि जीव भांड्यात पडला. मग एक मुलगी, मग दुसरी. नेरेइडाने बोट वर केलं... थांबा, अजून मी नाही. आणि मग तिसरी आली.

काय आवाज होता तो. खणखणीत, उद्धट, नाकात किंचित हसू असलेला. अख्ख्या गल्लीला ऐकू जावं असा. ती सांगत होती की तिला एखादा मुलगा आवडला तर खिडकीत बसून ती त्याची वाट बघणार नाही. जिना उतरून जाईल, त्याच्यापुढे उभी राहील आणि त्याच्या तोंडावर सांगेल, मग त्याने पळायचं तर पळावं. खुर्चीतली नेरेइडा ओठ हलवत होती. एक शब्दही चुकत नव्हता, आवाज मात्र तबकडीतून येत होता. एफ्राइन जमिनीवर बसून तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडत होता, लाजबीज काही नाही.

आणि मला एकदम माझी लाज वाटली. सोळा-सतरा वर्षांची पोर अख्ख्या जगापुढे एवढं बोलून गेली, आणि मी? डोळे तपासते लोकांचे, आणि इतके रविवार याच्या डोळ्यांत बघून मुकी बसलेय. मी उठले. त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. ढोल चालूच होता.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "तबकडी सापडली, आता यायचं कारण उरलं नाही असं म्हणू नकोस. मला तू हवा आहेस. रोज."

त्याने ओला चेहरा वर केला. वेड्यासारखा बघत राहिला माझ्याकडे.

"काय म्हणालीस? गाण्यात... नीट ऐकू आलं नाही."

पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, तर काही फुटेचना. डॅडींनी सुई उचलली.

"मला आलं," नेरेइडा कुजबुजली, आणि त्याला कोपराने ढोसलं. "ऊठ. ती जिना उतरून आलीय."

तो उठला.