शॉकअप जोडीनं बदलतात

गॅरेजसमोरच्या गतिरोधकावर एक जुनी पांढरी गाडी उसळली, पुन्हा उसळली, तिसऱ्यांदाही उसळली... आणि आतून खळ्ळकन् आवाज आला. हातातला पाना टाकून गॅरेज चालवणारी पोरगी बाहेर धावली.

गाडीतून उतरलेल्या तरुणानं मागचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आत चौकटीत बसवलेला मोठा आरसा होता. म्हणजे, आत्तापर्यंत होता!

"आरसे बनवतो मी," तो म्हणाला. "पण गिऱ्हाइकाच्या दारात काचाच पोचतात. लोकांना वाटतं, गाडी दामटतो. शप्पथ सांगतो, सायकलवाले मला मागे टाकतात!"

हसू आवरत तिनं गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी वर-खाली, वर-खाली डोलतच राहिली.

"एकदा वर येऊन गप्प उभी राहायला हवी. झटका स्प्रिंग झेलते, पण स्प्रिंगचा नाच शॉकअप थांबवतो. तुमचे दमलेत." चाकाआड हात घालून तिनं तेलानं माखलेलं बोट त्याच्यापुढे धरलं. "आणि हा चक्क गळतोय. कधी खाली वाकून बघितलंत?"

"तिथं बघण्यासारखं काय असतं?"

"पुष्कळ असतं. पण बघायला नजर लागते."

नजर त्याच्यापाशी होती, फक्त ती गाडीखाली वळत नव्हती.

"तुमच्या गालावर... ग्रीस—" तो पुटपुटला आणि चौकटीतला एक तुकडा जपून उचलून त्यानं तिच्यासमोर धरला. तिनं गाल पुसून वर पाहिलं, तर काचेवरून दोन डोळे तिलाच न्याहाळत होते. पोरीच्या काळजात काहीतरी वर-खाली झालं, आणि एकदा होऊन थांबलंही नाही.

खुर्चीत बसलेले बाबा उगाचच खाकरले. कंबर धरल्यापासून गॅरेज लेकीवर सोपवून ते फक्त देखरेख करत, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "गाडी घेऊन येऊ ना?"

मागे ग्राइंडर कर्कश ओरडत होता. "या! पण शॉकअप एकटा आणू नका, जोडीनं आणा!" ती किंचाळली.

तो आला, आणि त्याच्या शेजारी एक देखणी तरुणी बसली होती. उतरताना तिनं त्याच्या कॉलरवरचा धागा हक्कानं काढला. आपल्या मेकॅनिकबाईंचा चेहरा खर्रकन् उतरला.

"शॉकअप कुठायत?" तिनं तुटकपणे विचारलं.

"मी आणायचे होते?"

"मग फोनवर मी काय ओरडले?"

"एकटे येऊ नका, जोडीनं या... असं ऐकलं मी. आता लग्न झालेलं नाही, तर जोडी आणू कुठून? म्हणून ताईला आणलं."

"भरदुपारी झोपेतून ओढलंय मला!" ताई करवादली. "का, तर गॅरेजवाल्या बाईंनी जोडीनं बोलावलंय म्हणे!"

बाबा कंबर धरून हसले. तिला तर हसावं की नाचावं, कळेना. "अहो, एक नवा आणि एक थकलेला असला तर गाडी सरळ चालत नाही. म्हणून जोडीनं बदलतात," ती कशीबशी म्हणाली.

तो बहिणीला घेऊन सुट्या भागांच्या दुकानात गेला. शॉकअपची जोडी आणली आणि गाडीची परीक्षा घ्यायला आपल्याकडचा एक नवा आरसाही आणला.

पण शेवटचा बोल्ट आवळताना तिचा हात थांबला. गाडी ठणठणीत झाली की हा कशाला फिरकतोय इकडे? बोल्ट अर्धा फेरा ढिला ठेवला, तर आठवड्यात आवाज येईल आणि स्वारी दारात हजर... छे! जीव जडलाय म्हणून त्याचाच जीव धोक्यात घालायचा? प्रेम गेलं खड्ड्यात, पण गाडी जायला नको. डोळ्यांत पाणी आलं तरी तिनं बोल्ट करकचून आवळला.

मागे आरशाशेजारी ताई, पुढे ते दोघं. गाडी गतिरोधकावर चढली, उतरली आणि गप्प झाली. आरसा हूं की चूं करेना.

"वा!" तो ओरडला, आणि लगेच त्याचा आवाज बारीक झाला. गाडीतून उतरून तो तिच्याजवळ रेंगाळला. "आता परत कधी दाखवायची?"

"तेल गळताना दिसलं तर. हळू चालवलीत तर काही वर्षं बघायला नको."

"वर्षं? इतकं चांगलं काम करायची... काय गरज होती?"

आता गप्प बसले तर बसलेच, हे तिला कळून चुकलं.

"रविवारी या."

"रविवारी गॅरेज बंद असतं ना?"

"असतं."

"मग गाडी—"

"गाडी आणू नका. चालत या. मला तुम्हाला भेटायचंय."

तो चेहराभर हसला. "येतो," म्हणाला, आणि आनंदाच्या भरात गाडी, आरसा आणि ताई, सगळ्यांना तिथंच सोडून आत्ताच चालत निघाला.