आठव्या पोर्टची लाइन

"मॅडम, मले लाइन द्या!"

शिडीच्या टोकावरून लखीराम ओरडला आणि जिनिंगच्या आवारातल्या झाडून साऱ्या कापूसगाड्या हसल्या. इकडे विजेला लाइनच म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक. पण कॅमेरे जोडायला आलेल्या नव्या मॅडमकडे इतक्या मोठ्यानं, इतक्या तळमळीनं ती कोणी मागितली नव्हती.

ऑफिसच्या खिडकीतून सत्यशीलानं मान बाहेर काढली. "द्यायले हरकत नाही... पन किती वॅट पायजे?"

लखीराम पडायचाच, कॅमेऱ्याचा खांब हाती होता म्हणून वाचला.

काम तसं साधं. नेटवर्कचा आठ पोर्टचा स्विच. एकाच केबलमधून वीजही जाते, चित्रही. सात पोर्टवर कॅमेरे, आठव्यावर लखीरामच्या वजनकाट्याच्या खोलीतला फोन. पण आभाळ भरून अंधारलं की कॅमेऱ्यांचे रात्रीचे दिवे आपोआप लागत, जास्त वीज ओढत आणि फोन मरे. मग लखीराम मोबाइलवरून तिला बोलावी. राळेगावहून ती स्कूटीवर येई, फोन जिवंत करी, चहा पिऊन जाई. असं चारदा झालं. चहात साखर किती, हे तिनं एकदाही सांगितलं नाही. त्यानं एकदाही चुकवली नाही.

पाचव्यांदा मालक डोंगरसिंग म्हणाले, "पोरी, आज शेवटचं. नाही जमलं त नागपूरवाले बोलावतो."

लखीरामनं मनात हिशेब केला. जमलं नाही तर ती गेली. जमलं तरी गेलीच — मग येईल कशाला?

"मलेही शिकवा न," म्हणत तो लॅपटॉपशी वाकला.

"स्विचजवळ वीज मोजकी. कमी पडली का ज्याचा मान खाली, त्याची पह्यले बंद."

पडद्यावर सात पोर्टांपुढे 'हाय' होतं. आठव्यापुढे 'लो'.

"आठवा काहून खाली? कोनं केलं?"

"म्या."

"चुकून?"

"चुकून एकदा होते, लखीराम... चारदा नाही."

त्यापुढे लखीरामला पडद्यावरचं काही दिसेना. तिची बोटं मात्र थांबली नाहीत. कॅमेऱ्यांसाठी राखलेली फाजील वीज तिनं छाटली, आठव्याला 'हाय' केलं, सेव्ह दाबलं. आठही दिवे हिरवे.

"झालं. आता मले बोलवाचं कामच नाही."

"म्या..." लखीराम तिची अवजारं पिशवीत भरू लागला. "आमच्या याडीले तुमचं सांगतलं."

"आईले? तांड्यावर?" ती सावध झाली. "काय म्हने?"

"म्हने, तारा जोडनारी पोरगी घर तोडनार नाही."

सत्यशीलानं लॅपटॉप मिटला. "आमच्या बाबाले तुमी सांगाचं. मी नाही सांगत."

"कवा?"

"आता. बसा मांगं."

"मी — मांगं?"

"गाडी माही आहे."

भर आवारातून, साऱ्या गाड्यांच्या देखत, लखीराम मागे बसला. मांडीवर तिची अवजारांची पिशवी.

"पह्यले जय भीम म्हना," पुढून आवाज आला. "बाकीचं मंग."

राळेगाव येईस्तोवर त्यानं अकरा वेळा ते पुटपुटून पाहिलं. बाराव्यांदा म्हणाला तेव्हा दारात तिचे बाबा उभे होते. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, त्याच्या कवेतली लेकीची पिशवी पाहिली... आणि हात जोडले.

"जय भीम. आत या."