आबांच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत

आजोबांची, म्हणजे आबांची बॅग भरून झाली होती आणि शर्वाणी तिचा पट्टा सोडत नव्हती.

नागपुरातलं नवंकोरं घर! हवामान बघून, बागेसकट आखलेलं. शहरात आता घरात एसी आणि कूलर लावायला बंदी होती ना, म्हणून. आखणारा यंत्रमानव मोज्या म्हणाला होता, "एप्रिलमध्येही आबांची खोली तीस अंशांवर जाणार नाही." आणि आज? सदतीस! संध्याकाळी बाहेर वारा सुटला, तरी पश्चिमेची भिंत तव्यासारखी. आबांना जिना चढवत नव्हता आणि खाली हीच एक खोली.

"मोज्या, तुझं गणित चुकलं!"

"गणित बरोबर आहे, ताई. त्यात कडुनिंब होता."

प्लॉटवरचा तो जुना कडुनिंब शर्वाणीनेच नकाशातून एका बोटाने उडवला होता. बॅडमिंटन कोर्टासाठी! मोज्याने विचारलं होतं, "झाडाशिवाय घर कोणत्या दिवसाच्या हवेत तपासू?" तिने ऐटीत आपला वाढदिवस सांगितला, नऊ जानेवारी. तेव्हा झाड असो-नसो, खोली गारच. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि झाड पडलं.

"आबा, ते झाड... मी काढलं."

वनस्पतिशास्त्रज्ञ आबांनी तिचा हात भिंतीवर टेकवला. "ही आत्ता काहून तापली, सांग? वीट दुपारभर ऊन पिते आणि संध्याकाळी आत सोडते. हा औष्णिक विलंब (उष्णता उशिरा आत पोचणं). झाडाने ऊन वरच्यावर झेललं असतं. शिवाय बाष्पोत्सर्जन (पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडणं)."

"म्हणजे ओल्या खसाच्या कूलरसारखं?"

"अगदी! वाफ होताना पाणी हवेतली उष्णता ओढून घेतं. विजेशिवायचा कूलर होता तो, बापा."

"मग नका ना जाऊ अमरावतीला! आत्याकडे झाडांची सावली आहे, पण तुमचं एकही पुस्तक नाही."

"डॉक्टर ऐकतील का? या वयात ही गरमी नको म्हणतात." आबा हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. ते गाडीत बसले, गाडी वळली आणि फाटक लागलं.

शर्वाणी पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कोर्टात, पांढऱ्या रेघांवर जाऊन उभी राहिली.

"मोज्या, इथे मांडव घालून वेल चढवला तर?"

"पुढच्या एप्रिलला भिंत चार अंशांनी निवेल. आबांना येता येईल, बहुतेक."

"आणि कडुनिंब?"

"सावली भिंतीला पोचायला बारा वर्षं."

शर्वाणीने डोळे पुसले आणि कुदळ उचलली. "मग आत्ताच खड्डा खणू. उद्या लावला तर बारा वर्षं आणि वर एक दिवस!"