अवसेची मोट

वैशाखातल्या अवसेला, उन्हं कलल्यावर, पार्बताबाई मोगऱ्याचे हार घेऊन खुशालरावांच्या बंगल्याकडे निघाली. अमरावतीहून कोणी बडे साहेब अकोल्याला यायचे होते, आणि त्यांच्या गळ्यात घालायला हार तिच्याच मळ्यातले हवे होते. मळा मोर्णा नदीच्या काठी, जुन्या शहराच्या कडेला. मधली एक भिंत ओलांडली की खुशालरावांचं कापसाची सरकी काढायचं जिन, इंजिनघर आणि बंगला. हार देऊन परत यायचं, एवढंच काम. पण तिच्या मनात आणखी एक बोलणं होतं, आणि ते आज बोलायचंच असं तिने ठरवलं होतं.

विहीर दोघांत सामायिक. एक दिवस मळ्याची पाळी, एक दिवस जिनाची. अवसेला मात्र कोणाचीच नाही. त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, म्हणून मोट थांबते आणि विहिरीचे झरे भरून येतात. बापजाद्यांपासूनचा हा रिवाज खुशालरावांनी मोडला. आणि कशासाठी? तर मोटारीसाठी! कलकत्त्याहून त्यांनी विजेवर चालणारी मोटार आणली होती. ना धूर, ना आवाज. लोक तोंडात बोट घालून बघत. पण ती वीज येते कुठून, हे कोण बघतो? इंजिनघरात दिवसभर लाकडं जळत, बॉयलरात विहिरीचं पाणी उकळे, त्या वाफेवर डायनामो फिरे, आणि संध्याकाळी मालक गावातून मिरवून येत. अख्ख्या विहिरीचं पाणी एका माणसाच्या हौसेपायी हवेत उडून जाई, आणि भिंतीपलीकडे वांग्याची रोपं माना टाकत.

पौषातल्या अवसेला तिचा नवरा नत्थुजी झऱ्यांतला गाळ काढायला विहिरीत उतरला होता. अवसेला कोणी पाणी उपसत नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं; वर कोणाला सांगून ठेवावं असं त्याला सुचलंही नाही. इंजिन सुरू झालं, विहिरीतल्या पंपाच्या पट्ट्यात त्याचं धोतर गेलं आणि तो तिथंच संपला. "नशीब त्याचं," म्हणाले खुशालराव. नशीब! करणार हे, आणि नाव नशिबाचं.

पोर्चमध्ये मोटार उभी होती. साहेबांना आणायला स्टेशनवर जायचं म्हणून खुशालराव रेशमी कोट घालून आत बसले होते. इंजिनवाला भगवंत काच पुसत होता.

"मालक," हार देत ती म्हणाली, "अवसेले तरी इंजिन बंद ठेवत जा. विहिरीचा तळ दिसून राहिला. माह्ये वाफे मरून राहिले."

"इंजिन काय बैल हाये, अवस पाळाले?" खुशालराव हसले. "पाहशीन तू, साऱ्या देशात घरोघरी अशाच मोटारी फिरतीन."

"मंग तेवढ्या मोटारीईले पाजाले विहिरी कुठून आणसान?"

"ते सरकार पाहीन. बाजूले हो."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलून काय उपयोग? ती बाजूला झाली.

मोटार हलली, आणि कुठूनसा आवाज आला. कुर्र... कुर्र... भगवंत चाकाशी वाकला. "तेल तं आत्ताच टाकलं होतं..." तो पुटपुटला. पार्बताबाईनं कान दिला. भरलेली मोट वर येताना विहिरीवरचं चाक असंच कुरकुरतं. भिजलेल्या चामड्याचा आणि शेवाळाचा वास सगळ्या पोर्चमध्ये पसरला.

मोटार उतारावरून फाटकापर्यंत गेली, थबकली, आणि उलट्या पावली वर आली. पुन्हा खाली. पुन्हा उलटी वर. मोटेचे बैल उतारावर पुढे जातात आणि मागे सरकत वर येतात, अगदी तसंच. आणि त्या कुरकुरीत एक हाक मिसळली, खोल, ओली...

"हो रे... सर मांगं... हो..."

"भगवंता! बंद कर हे!" खुशालराव आतून दार ढकलत होते. दार उघडत नव्हतं.

मोटार वर येऊन थबकली तेवढ्यात भगवंतानं विजेच्या पेट्यांवरचं मागचं झाकण उचललं आणि तो दोन पावलं मागे सरला. "मालक... पेट्याईत नुसतं पाणी हाये... शेवाळलेलं. वीज नाईच..."

मोटार पुन्हा खाली निघाली. खुशालरावांनी काचेला तोंड लावलं. तो आवाज त्यांनीही ओळखला होता.

"पार्बताबाई... तुह्या माणसाले सांग... थांब म्हणा..."

थांबवणं तिच्याच हाती होतं. मळ्याची रीतच तशी. मोट हाकणारा आपल्या मनानं बैल सोडत नाही. वाफ्यात पाणी वळवणारी बाई शेवटचा वाफा भरला की हाक देते, "झालं वो, सोडा!" मगच बैल सुटतात. नत्थुजीनं जन्मात कधी तिच्या हाकेआधी बैल सोडले नव्हते.

तिनं तोंड उघडलं. मग काचेतल्या त्या रेशमी कोटाकडे पाहिलं.

"माह्ये वाफे अजून कोरडे हायेत, मालक," ती म्हणाली, आणि मळ्याकडे चालू लागली.

दिवेलागण झाली होती. बैल गोठ्यात रवंथ करत होते. विहिरीवर मोट नव्हती, माणूस नव्हता, आणि पाटाला पाणी आलं होतं. तिनं हात घातला. पाणी कोमट होतं. तिनं फावडं घेतलं आणि पहिला वाफा फोडला.

भिंतीवरून भगवंत ओरडला, "पार्बतामाय! गाडी थांबली... पण मालक आत नाईत. दार तसंच बंद हाये... मालक कुठं गेले?"

तिनं फावडं चालूच ठेवलं. विहिरीकडून नत्थुजीची हाक येत होती, आणि प्रत्येक हाकेमागून कोणाची तरी धाप. बैलाची धाप तिला ओळखू येत होती. ही बैलाची नव्हती.

"झालं म्हण ना वो, बाई..." अंधारातून कोणीतरी हुंदका देत म्हणालं.

वाफा काठोकाठ भरला होता. तिनं फावड्यानं मातीचा बांध ओढला आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. मळा मोठा होता.